इन्सुलिनसाठी फ्रिओ पाऊच: बरेच प्रवास केल्यावरचं मत

आधी निकाल सांगते. इन्सुलिनचं चालू पेन (म्हणजे वापरायला काढलेलं) प्रवासात सोबत न्यायला फ्रिओ पाऊच, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायची गार पिशवी, हिच्याइतकं भरवशाचं मला अजून काही सापडलेलं नाही, पण तो फ्रिज नाहीये आणि फ्रिज समजून घेतलात तर निराश व्हाल. बरेच जण इथेच गडबडतात, २ ते ८ डिग्री ठेवणारी वस्तू शोधत बसतात, आणि ती गरज मुळात फक्त न उघडलेल्या साठ्याची असते. एकदा वापरायला काढलेलं पेन फ्रिजबाहेरच राहू शकतं, लँटस, नोव्होरॅपिड, ह्युमॅलॉग या ब्रँडची इन्सुलिनं ३० डिग्रीच्या आत २८ दिवस, ट्रेसिबा तर ५६ दिवस. लँटसच्या पेनसोबतच्या माहितीपत्रकात तर चालू पेन फ्रिजमध्ये ठेवू नका असंच लिहिलेलं असतं. म्हणजे प्रवासात आपल्याला बर्फासारखी थंडी नकोच आहे, पारा तिशीच्या वर जाऊ नये एवढंच हवंय, आणि नेमकं तेवढंच काम हा पाऊच करतो.

यात बॅटरी नाही, बर्फ नाही. आतल्या कापडी पॅनेलमध्ये पाणी शोषणारे बारीक खडे शिवलेले असतात, पाऊच साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवला की खडे फुगून जेल होतं, मग टॉवेलने वरचं पाणी टिपायचं, बाहेरच्या कव्हरमध्ये घालायचं की झालं. पुढे ते पाणी हळूहळू उडत राहतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं तसंच. कंपनीचा दावा आहे की सलग ३७.८ डिग्रीतही निदान ४५ तास आतलं तापमान १८ ते २६ मध्ये राहतं. सुकत आला की परत बुडवा, पाणी कुठेही मिळतं. कितीतरी वेळ नुसत्या बेसिनच्या नळाखाली धरून काम भागवलंय.

आता ४५ तासांच्या दाव्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण हे पाकिटावर वाचून कळत नाही. पाणी किती जोरात उडणार हे हवेवर अवलंबून असतं. कोरड्या उन्हाळ्यात, समजा ४० डिग्री आणि आर्द्रता २० टक्के, तर नुसत्या ओलाव्याने तापमान अगदी बाविशीच्या आसपासपर्यंत उतरू शकतं, तिथे पाऊच कमाल करतो फक्त लवकर सुकतो म्हणून रोज हात लावून बघायचा. उलट समुद्रकाठी दमट हवेत, ३२ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता, तिथे तोच थंडावा तिशीच्या आसपास येऊन अडतो. पाऊच दिवसेंदिवस ओलाच दिसतो आणि आपल्याला वाटतं वा काय मस्त टिकलाय, पण ओला राहिलाय याचा अर्थच पाणी उडत नाहीये आणि गार होत नाहीये. म्हणून दमट ठिकाणी मी आत एक छोटा डिजिटल थर्मामीटर टाकते, आणि आकडा ३० च्या वर टिकून राहिला तर खोलीतल्या एसीत नाहीतर पंख्यासमोर ठेवते. वारा लागला की फरक पडतो, तेही आकड्यावर दिसतं.

याच कारणाने पाऊच प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली कोंबू नका. हवा नाही तर थंडावा नाही. मी तो बॅगेच्या बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात ठेवते, सावलीच्या बाजूला. कव्हरला बाहेरून ओल येतेच त्यामुळे शेजारी प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट असलं काही ठेवू नका. आणखी एक बारीक गोष्ट, पेन उघडल्याची तारीख साध्या मार्करने थेट पेनवर लिहिली तर त्या ओलाव्यात घासून पुसट होते, चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहून ती टोपीखालच्या भागाला गुंडाळा, शेवटपर्यंत वाचता येते. आणि सुई पेनवर लावून ठेवू नका, तापमान वरखाली झालं की इन्सुलिन गळतं नाहीतर आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि डोस चुकतो.

बर्फाच्या जेलपॅकवाल्या डब्यांबद्दल माझं मत कडक आहे. न उघडलेला साठा लांब न्यायचा असेल तर त्यांचा उपयोग आहे, पण पेन आणि जेलपॅकच्या मध्ये जाड कापड किंवा फोम पाहिजेच, आणि फ्रीझरमधून काढलेला पॅक लगेच आत न घालता थोडा वेळ बाहेर ठेवायला हवा. सगळ्यांना उन्हाची भीती वाटते पण इन्सुलिनचा खरा शत्रू गोठणं आहे. उष्णतेने ताकद हळूहळू उतरते, गोठलं की एका झटक्यात भरवसा संपतो, आणि वितळल्यावर ते अगदी स्वच्छ दिसू शकतं म्हणून बघून कळत नाही. गोठलेलं पेन फेकायचंच, जीव कितीही तुटला तरी. एका हॉटेलात मी पाऊच मागे ठेवून बाहेर गेले होते तर तिथल्या माणसाने मदत म्हणून तो उचलून फ्रीझरमध्ये टाकला, आतली दोन्ही पेनं गेली. तेव्हापासून खोलीत पाऊच ठेवला की वर मोठ्या अक्षरात 'फ्रिज-फ्रीझर नको' अशी चिठ्ठी असते. हॉटेलच्या मिनीबारवरही माझा विश्वास नाही, काही नुसते कोमट असतात आणि काहींत मागच्या पत्र्याला टेकलेली वस्तू गोठते, साठा ठेवायचाच असेल तर आधी थर्मामीटर रात्रभर आत ठेवून बघा आणि मग दाराच्या कप्प्यात ठेवा.

उन्हाबाबत मात्र उगाच जीव टांगणीला लावू नका. जिनिव्हा विद्यापीठ आणि एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था) यांच्या लोकांनी केनियातल्या दगाहाली निर्वासित छावणीतल्या घरांमधलं तापमान मोजलं आणि तसंच २५ ते ३७ च्या मध्ये वरखाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेलं ह्यूमन इन्सुलिन (वरच्या ब्रँडांपेक्षा जुना प्रकार) प्रयोगशाळेत तपासलं, ते टिकलेलं निघालं, हा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. ज्यांच्याकडे फ्रिजच नाही त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे! आपण आपल्या ब्रँडच्या माहितीपत्रकाप्रमाणेच चालायचं, पण एखादी दुपार ३३-३४ मध्ये गेली म्हणून रडकुंडीला यायचं कारण नाही. बंद उभी गाडी मात्र पूर्णपणे वेगळा प्रकार, उन्हात ती आतून ५०-६० डिग्रीपर्यंत तापते, तिथे हा पाऊच असो नाहीतर काहीही असो, पेन पाच मिनिटांसाठीसुद्धा सोडू नका.

विमानात पाऊच केबिनमध्येच, चेक-इन सामानात कधीच नाही, एक तर बॅग हरवते आणि शिवाय सामानाच्या कप्प्यात किती गार होईल याचा नेम नाही. सिक्युरिटीला डॉक्टरांचं पत्र आणि फार्मसीचं लेबल असलेला खोका दाखवला की काम होतं. अर्धा साठा सोबतच्या माणसाच्या बॅगेत द्या.

उणिवा आहेतच. पहिल्यांदा लोक तो अर्धा तास पाण्यात ठेवतात आणि पॅनेल इतकं फुगतं की पेन आत शिरतच नाही, मग सुकायची वाट बघत बसायचं, त्यामुळे सुरुवातीला कमीच वेळ भिजवा आणि चाचपून बघा. घरी आल्यावर ओलाच कपाटात टाकला तर कुबट वास येतो आणि बुरशी धरते, पूर्ण सुकायला काही दिवस लागतात, मी वाऱ्यावर टांगून खडे परत बोटांना कडक लागेपर्यंत ठेवते. हिमवर्षावाच्या जागी याचा काहीच उपयोग नाही उलट ओला पाऊच स्वतःच गोठेल, तिथे पेन जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाजवळच. आणि न उघडलेली पेनं यात ठेवली तर फ्रिजमधून निघाल्या दिवसापासून त्यांचेही २८ दिवस (ट्रेसिबाचे ५६) मोजायला लागा, महिनाभराच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

सायझ घेताना एक मोठा घ्या. दोन पेनांवाल्यात दोन पेनं अगदी घट्ट बसतात आणि पॅनेल फुगल्यावर ओढून काढावी लागतात, बेसल-बोलस (दिवसभराचं आणि जेवणाआधीचं) दोन्ही इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि एखादं जादा पेन नेणाऱ्यांनी त्याच्या वरचाच घ्यावा.