श्रीलंका सहल: सेवा चोख, हिशेब मात्र अर्धाच सांगितलेला

टिळकवाडीत कार्यालय असलेल्या एका सहल कंपनीने 2025 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी प्रवाशांसाठी श्रीलंकेची जी सहल काढली होती, तिच्याविषयीचा हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा येणार आहेत त्या या धंद्यातील बहुतेकांच्या कार्यक्रमपत्रिकेत सापडतील. विमानभाड्यासह माणशी पाऊण लाखाच्या आसपास खर्च आला. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत एक वाक्य छापले होते: संकटातून सावरलेला देश, आता पूर्वीपेक्षा स्वस्त. संकट म्हणजे 2022 मध्ये डॉलर संपल्याने श्रीलंकेवर कोसळलेले आर्थिक संकट. हिशेब तपासण्याच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला असे वाक्य तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि या सहलीचे मोलही मला त्या वाक्यावरूनच ठरवावेसे वाटते.

आधी सेवेबद्दल थोडक्यात. सांबरा विमानतळावरून बेंगळुरू आणि तिथून कोलंबो हा प्रवास सुरळीत झाला, सामान कुणाचेही हरवले नाही, खोल्या स्वच्छ होत्या आणि सोबतचे व्यवस्थापक बोलण्यात नम्र व कामात तत्पर होते. शाकाहारी मंडळींची जेवणाची आबाळ होईल ही भीती खोटी ठरली. भात, परिप्पू म्हणजे तिथली नारळाच्या दुधातील मसूर डाळ, आणि कोलंबोतील तमिळ खानावळींतले इडली-डोसे यांवर सगळ्यांचे उत्तम भागले. शेवटी शेवटी काही जणांना भाकरीची आठवण यायला लागली, पण तो कंपनीचा दोष म्हणता येणार नाही.

आता 'स्वस्त' या शब्दाकडे वळू. आमच्या सहलीच्या वेळी आपल्या एका रुपयाला तिथे साडेतीन रुपयांच्या आसपास मिळत होते. संकटापूर्वी पावणेतीनच्या आसपास मिळत. 2022 च्या आरंभी एका डॉलरला सुमारे 200 श्रीलंकन रुपये पडत होते, ते काही आठवड्यांत 360 च्या घरात गेले आणि पुढे सावरून 300 च्या आसपास स्थिरावले. पाहुण्याला जाणवणारी स्वस्ताई चलनाच्या या घसरणीतून आलेली आहे. स्थानिक माणसाला ती उलट्या बाजूने भोगावी लागते, कारण इंधन, औषधे, दूध पावडर आणि गहू असे बरेच काही देशाबाहेरून येते. 2022 च्या सप्टेंबरमध्ये महागाईचा वार्षिक दर 70 टक्क्यांच्या जवळ पोहोचला होता आणि 2024 च्या सप्टेंबरपासून काही महिने तो चक्क शून्याखाली होता. आमच्या गटातील पुष्कळांनी याचा अर्थ वस्तू पुन्हा जुन्या भावात मिळू लागल्या असा घेतला. तसे झालेले नाही. उडी मारून वर गेलेले भाव तिथेच थोडेफार मागेपुढे होत राहिले आणि पगार मात्र त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये सुमारे 11 टक्के असलेली गरिबी 2022 मध्ये 25 टक्क्यांवर गेली आणि त्यानंतर ती फारशी उतरलेली नाही.

कार्यक्रमपत्रिकेतील सर्वांत मोठी चूक कोलंबोच्या गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानावर घडते. तिथे केवळ छायाचित्रांपुरता थांबा ठेवला आहे. हेच ते मैदान, जिथे 2022 च्या 9 एप्रिलपासून लोक तंबू ठोकून बसले आणि अरगलया म्हणजे संघर्ष या नावाने ओळखले गेलेले आंदोलन उभे राहिले. त्याच आठवड्यात, 12 एप्रिलला, सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी देशावर सुमारे 51 अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज होते. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले, की वापरण्याजोगी परकीय गंगाजळी पाच कोटी डॉलरच्याही खाली आली आहे. 9 जुलैला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला आणि काही दिवसांत गोटाबाया राजपक्षे यांनी देश सोडून राजीनामा दिला. आमच्या स्थानिक मार्गदर्शकांनी हे सारे चालत्या बसमध्ये, ध्वनिक्षेपक हातात धरून, घाईघाईने सांगितले, कारण पुढच्या दुकानाची वेळ चुकत होती. त्यांच्याकडे सांगण्यासारखे बरेच होते आणि आमच्यातही ऐकणारे होते.

खरी कहाणी राजीनाम्यानंतर सुरू होते, आणि तिच्या खुणा ज्याला पाहायच्या आहेत त्याला प्रवासात जागोजागी दिसतात. सत्तेवरचा माणूस जुलैत बदलला, तरी तिजोरी ऑगस्टमध्येही तितकीच रिकामी होती. डिझेलसाठी दिवसदिवस रांगेत उभे राहिल्याचे आमच्या बसचालकांनी सांगितले. जुलै 2022 मध्ये सरकारने क्यूआर कोडवर इंधन देण्याची पद्धत आणली. सुरुवातीला आठवड्याला दुचाकीला 4 लिटर, तीनचाकीला 5 लिटर आणि मोटारीला 20 लिटर असे माप ठरले होते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये हे रेशन संपले. रस्त्यावर आपल्याकडच्या बजाजच्या रिक्षा आणि मारुतीच्या जुन्या अल्टो पाहून आमच्या मंडळींना घरच्यासारखे वाटले. त्या इतक्या जुन्या का, याचे उत्तरही हिशेबातच आहे: डॉलर वाचवण्यासाठी 2020 मध्ये वाहनांची आयात बंद केली गेली आणि खासगी मोटारींसाठी ती थेट 2025 च्या फेब्रुवारीत उघडली. मधल्या काळात जुन्या मोटारीची किंमत नव्या मोटारीला लाजवील इतकी झाली होती.

नुवारा एलियाचा दिवस मात्र कंपनीच्या नियोजनात सर्वांत चांगला जमला होता. चहाचा मळा, कारखाना आणि डोंगरउतारावरचे भाजीचे वाफे असे सगळे निवांत पाहता आले. खते हा विषय इथेच निघाला. 2021 मध्ये सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली होती. ती काही महिन्यांतच मागे घ्यावी लागली, पण तोवर भाताचा हंगाम गेला होता, चहाचे उत्पादन खाली आले होते आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशावर तांदूळ आयात करण्याची पाळी आली होती. खानापूरकडचे एक शेतकरी मार्गदर्शकांचे बोलणे ऐकून शेजारच्या काकांना म्हणाले, "आमच्याकडं युरियाच्या पोत्यासाठी सोसायटीपुढं रांग लागती, हितं तर पोतंच बंद केलं की ओ." ज्या बंदीमागे सेंद्रिय शेतीचे गोडवे गायले जात होते तिच्यामागे खताच्या आयातीवरचे डॉलर वाचवण्याचाही हिशेब होता, हे मार्गदर्शकांनी आमच्यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगितले. बेळगाव तालुक्यात बटाटा आणि भात पिकवणाऱ्या माणसाला हा एक दिवस सगळ्या सहलीइतका मोलाचा वाटेल.

संकटातून बाहेर येण्याचा खर्च कुणी भरला, हा प्रश्न माहितीपत्रकात येण्याची अपेक्षा कुणी करणार नाही. पण तो कळल्याशिवाय 'सावरलेला' या शब्दावर विश्वास ठेवू नये. 2019 च्या अखेरीस राजपक्षे यांच्या नव्या सरकारने मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला आणि प्राप्तिकरातही मोठी सूट दिली. महसूल इतका आटला, की 2022 मध्ये तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या 8 टक्क्यांच्या आसपास उरला. मार्च 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे 3 अब्ज डॉलरचा चार वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला, त्याची मुख्य अट हा महसूल वाढवण्याची आणि वीज व इंधन खर्चाच्या खाली न विकण्याची होती. मूल्यवर्धित कर 2024 च्या जानेवारीत 18 टक्क्यांवर गेला. विजेचे सरासरी दर ऑगस्ट 2022 मध्ये 75 टक्क्यांनी आणि फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा 66 टक्क्यांनी वाढले. जानेवारी 2025 मध्ये ते 20 टक्क्यांनी उतरले, तरी मूळ पातळीच्या बरेच वर राहिले. आमच्या हॉटेलच्या बिलातल्या कराचा आकडा पाहून कुरकुर करणाऱ्यांना मी हेच सांगितले, की हा कर आपण सुट्टीपुरता भरतो आणि इथला भाजीवाला तो बारा महिने भरतो.

सर्वांत बोचणारी गोष्ट भविष्यनिर्वाह निधीची आहे, आणि ती मला व्यवसायामुळे अधिक बोचली असेल. 2023 च्या मध्यात देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली तेव्हा बँका वगळल्या गेल्या आणि भार मुख्यतः कामगारांच्या निवृत्तिनिधीवर पडला. निधीकडील रोखे कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या रोख्यांशी बदलून घ्यायचे, नाहीतर उत्पन्नावर जादा कर भरायचा, असा पर्याय समोर ठेवला गेला. बँका बुडाल्या असत्या तर ठेवीदारांचे आणखी मोठे नुकसान झाले असते, हा सरकारी युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात पिग्मीचे पुस्तक घेऊन उभी राहिलेली माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला तो समजतो. तरीही ज्यांनी रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्ष घालवला त्यांच्यापैकीच अनेकांच्या म्हातारपणच्या पुंजीवर ही कात्री चालली, हे विसरता येत नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने संसदेच्या 225 पैकी 159 जागा जिंकल्या, त्यामागे हा राग होता असे मला वाटते. मात्र नव्या सरकारनेही नाणेनिधीचा कार्यक्रम सोडला नाही. मित्रदेशांच्या कर्जाची परतफेड 2028 पर्यंत लांबली आहे, म्हणून आज श्वास घेता येतो. ती मुदत संपण्याआधी निर्यात वाढवावी लागेल. तयार कपडे ही तिथली सर्वांत मोठी औद्योगिक निर्यात, आणि आम्ही जाण्याच्या सुमारासच अमेरिकेने 44 टक्के आयातशुल्काची घोषणा करून नंतर ती तात्पुरती थांबवली होती. गटातील वडगावच्या यंत्रमागवाल्या मंडळींनी त्याबद्दल जितके प्रश्न विचारले तितके कुठल्याही मंदिराबद्दल विचारले नाहीत.

आता तक्रार. मसाल्याची बाग, रत्नांचे दुकान, बाटिकचे दुकान आणि आयुर्वेदिक औषधांचे दुकान असे थांबे जबरदस्तीने घडवले जातात. भाव डॉलरमध्ये सांगतात आणि दलालीचा वाटा कुणाकुणाला जातो हे विचारल्यावर हसून विषय बदलतात. देशाला डॉलर हवे आहेत हे मान्य, पण या दुकानांतून ते मळ्यात पाने खुडणाऱ्या बाईपर्यंत किती पोहोचतात याची मला शंका आहे. तोच वेळ कँडीच्या किंवा कोलंबोच्या पेट्टा भागातील बाजारात दिला, तर प्रवाशाला भाव कळतील आणि पैसा लहान दुकानदाराच्या गल्ल्यात जाईल. सिगिरियाच्या प्राचीन शिळादुर्गासारख्या ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना प्रवेशशुल्कात मोठी सवलत आहे. ती मिळण्यासाठी पारपत्र जवळ ठेवावे लागते, ही सूचना कंपनीने आदल्या रात्री द्यायला हवी होती. दोघांना पूर्ण दर भरावा लागला.

निवास, जेवण आणि प्रवास यांसाठी पाचपैकी चार गुण, माहिती देण्यासाठी दोन. स्थानिक मार्गदर्शकांना वेगळे पाच द्यावेत, आणि जाणाऱ्यांनी बक्षिसी त्यांच्याच हातात द्यावी. यापुढे जाणाऱ्यांनी नोंदणीपूर्वी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: 2025 च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळाने मध्य डोंगराळ भागातील रस्त्यांचे आणि रेल्वेमार्गांचे मोठे नुकसान केले, त्यामुळे कँडी ते नुवारा एलिया हा टप्पा कोणत्या मार्गाने होणार आणि आगगाडीचा प्रवास शक्य नसेल तर त्याचे पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्यावे. दुकानांचे थांबे कमी करून गॉल फेसवर एक पूर्ण संध्याकाळ मागावी. गटाने मिळून मागितली तर कंपनी नाही म्हणत नाही, असे व्यवस्थापकांनीच परतीच्या वाटेवर सांगितले.