दोन वर्षांत तीन ऑइल फिल्टर कापले

आधीच सांगतो, फिल्टरच्या कंपन्यांची नावं लिहिणार नाही. बाजारात नकली माल इतका आहे की माझ्या हातात आलेलं पुडकं खरंच त्या कंपनीचं होतं का, याची खात्री मी देऊ शकत नाही. गाडी आमची 2016 ची, 1.2 लिटर पेट्रोल. तेल दरवेळी एकाच ग्रेडचं, 5डब्ल्यू-30. बदलला तो फक्त फिल्टर, आणि काढलेला प्रत्येक फिल्टर मी घरी कापून पाहिला.

पहिला होता गाडीच्या कंपनीचा, 8,200 किलोमीटर चाललेला. उत्साहाच्या भरात तो हॅक्सॉने कापला. आत बघतो तर कागदाच्या चुण्यांत चमचमणारे कण. पोटात गोळा आला, बेअरिंग गेलं म्हणून. मिस्त्रीला फोन लावला, तर तो हसत सुटला. "साहेब, करवत कोणी चालवली? कीस कुठला असणार मग?" लोहचुंबक फिरवलं, सगळे कण त्याला चिकटले आणि सगळे कापलेल्या काठाजवळच होते. म्हणजे डब्याच्याच पत्र्याचा कीस. तेव्हा कापायचाच असेल तर पाइप कटरसारखं चाक असलेलं फिल्टर कटर घ्या. ते पत्रा दाबत दाबत कापतं, कीस पाडत नाही.

ज्यांनी आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात. खालच्या जाड चकतीला कडेने सहा-आठ छोटी भोकं असतात आणि मधोमध आट्यांचं मोठं भोक. घाण तेल कडेच्या भोकांतून आत येतं, कागदाच्या चुण्यांतून बाहेरून आत झिरपतं, मधल्या जाळीच्या नळीत गोळा होतं आणि आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जातं. चुण्या थेट साडीच्या निऱ्यांसारख्या. तेवढ्याशा डब्यात जास्तीत जास्त कागद बसावा म्हणून केलेल्या. कंपनीच्या फिल्टरमध्ये 52 भरल्या. कागद सोडवून वर्तमानपत्रावर पसरला तर सव्वा मीटर लांब आणि 5 सेंटीमीटर रुंद पट्टी निघाली. बायको म्हणाली, "आता याची कुरवडी घालणार का?" वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा वापरल्याचं तिला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या फिल्टरची गोष्ट लांबलचक आहे. गणपतीला चिपळूणला जायचं होतं, सर्व्हिस राहिली होती आणि कंपनीचा फिल्टर मिळाला नाही. घराजवळच्या दुकानातून 70 रुपयांचा घेतला. दुकानदाराने हातावर तोलून दाखवला, "वजन बघा, लोखंड आहे." खरंच होतं ते, कंपनीच्या फिल्टरपेक्षा 20 ग्रॅमने जड.

कुंभार्ली घाट उतरून गाडी घरी पोचली, तक्रार काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि इंजिन पहिले दोन-तीन सेकंद खडखडलं, डब्यात खिळे हलवल्यासारखं. डॅशबोर्डवरचा तेलाच्या कुपीचा लाल दिवा, तेलाचा दाब कमी असल्याचं सांगणारा, तोही तेवढा वेळ पेटलेला राहिला. मग सगळं शांत. दहा मिनिटांनी बंद करून पुन्हा चालू केलं तर काहीच नाही. पुढचे तीन महिने हेच चाललं. रात्रभर उभी राहिली की खडखड, दिवसभरात नाही.

कारण एका रबरी चकतीत होतं. आमच्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं तेल कडेच्या भोकांतून उलटं वाहून खाली तेलाच्या ट्रेमध्ये जायला बघतं. ते अडवायला भोकांच्या आतल्या बाजूला पातळ रबरी चकतीची झडप असते. ती नीट टेकली नाही तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी तो रिकामा डबा भरावा लागतो, मगच तेल वर पोचतं. तोवर वरचे भाग कालच्या ओशटपणावर फिरत असतात.

मी 3,100 किलोमीटरवरच तो काढला. तेल तेच ठेवलं, फिल्टरसोबत गेलं तेवढं, पावशेर म्हणा, वरून टाकलं आणि नवा फिल्टर लावला. दुसऱ्या दिवशीपासून खडखड बंद. तेल तेच, गाडी तीच. तेव्हा दोष कोणाचा यावर मिस्त्रीशी वाद घालायची वेळ आली नाही.

काढलेला फिल्टर तोंड खाली करून धरला. मधल्या भोकातून तेल पडणारच, पण कडेच्या भोकांतूनही धार लागली. आतली चकती काळ्या नायट्राइल रबराची होती. दुमडली तर कडेला बारीक भेगा दिसल्या, आणि सोडल्यावर ती सपाट व्हायलाच तयार नाही. नायट्राइल वाईट असतं असं नाही. कंपनीच्या फिल्टरमध्येही तेच होतं आणि 8,200 नंतरही बऱ्यापैकी मऊ होतं. फरक रबराच्या दर्जाचा. सिलिकॉन उष्णतेत जास्त काळ लवचिक राहतं, म्हणून महाग फिल्टरमध्ये ते घालतात. बहुतेक वेळा ते तांबडं-नारिंगी असतं, पण रंगावर जाऊ नका. रबराला रंग कोणताही देता येतो. नव्या फिल्टरच्या कडेच्या भोकातून बोथट काडीने ती चकती हलकेच दाबून बघा, पटकन परत टेकली पाहिजे.

याहून वाईट गोष्ट नंतर सापडली. आट्यांवरून बोट फिरवलं तर टोचलं. आटे पाडताना राहिलेली धातूची बर तशीच होती, धारदार कुसळासारखी, आणि एक तुकडा नखाने निघाला. आता वर सांगितलेला तेलाचा रस्ता आठवा. आट्यांचं भोक गाळून झालेल्या तेलाच्या वाटेवर आहे. तिथला तुकडा सुटला तर त्याला अडवायला पुढे काहीही नाही, थेट बेअरिंगकडे. गाळणीनेच चहात खडा टाकावा तशी ही गत.

चुण्या 38. कागदाची दोन टोकं जिथे चिकटवतात तिथला जोड दोन सेंटीमीटर उकललेला, म्हणजे त्या फटीतून तेल न गाळताच पुढे. आणि ते जास्तीचे 20 ग्रॅम? सगळे खालच्या जाड चकतीत. वजनाची परीक्षा तिथेच निकालात निघाली.

एका बाबतीत मात्र मीच चुकलो होतो. कागदाच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्यासारख्या टोप्या पाहून मी नाक मुरडलं होतं. पण तिसऱ्या फिल्टरमध्येही, तो एका नावाजलेल्या ब्रँडचा, 240 रुपयांचा, तशाच टोप्या निघाल्या. 9,600 किलोमीटरनंतरही कागदाला घट्ट चिकटलेल्या, ओढून निघेनात. पत्र्याची टोपी दिसायला भारदस्त, पण काम शेवटी गोंद करतो.

या तिसऱ्यात चकती सिलिकॉनची, चुण्या 55, आटे गुळगुळीत. टोकाला बायपास झडप होती. थंडीत तेल घट्ट असताना किंवा कागद तुंबल्यावर दोन्ही बाजूंच्या दाबात साधारण एक बारचा फरक पडला की ती उघडते आणि तेल न गाळता जाऊ देते, कारण इंजिनाला तेल न मिळण्यापेक्षा घाण तेल परवडलं. तुमच्या फिल्टरमध्ये ती दिसली नाही तर लगेच बोंब मारू नका, काही इंजिनांत ती ब्लॉकमध्येच असते. तिसऱ्याबद्दल एकच तक्रार, खोक्यावर "99 टक्के गाळण" मोठ्या अक्षरात आणि किती मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना ते कुठेच नाही. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. तेवढे कण 99 टक्के अडवणं आणि 20 मायक्रॉनचे अडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणत्या आकाराचे कण किती अडतात हे मोजायला आयएसओ 4548-12 ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिचा आकडा छापणारा फिल्टर दिसला तर मी आधी तो उचलेन, कारण कागद बारीक गाळतो की जाड हे घरी कापून डोळ्यांनी कळत नाही. तेल काळं झालं म्हणून फिल्टर वाईट, हेही खरं नाही. काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते चांगल्या कागदातूनही निघून जातात.

बसवताना जुन्या फिल्टरचं रबरी गॅस्केट ब्लॉकला चिकटून राहिलेलं नाही ना, एवढं बोटाने चाचपा. दोन गॅस्केट एकावर एक बसली की तेल जमिनीवर येतं, माझ्या पार्किंगच्या फरशीवर तो डाग अजून आहे. नव्या गॅस्केटला तेलाचं बोट लावायचं, टेकेपर्यंत हाताने फिरवायचं आणि मग पाऊण फेरा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर खुपसून काढावा लागतो.

सध्या गाडीत तिसऱ्यासारखाच चौथा आहे, पुण्याच्या नाना पेठेतून घेतलेला, 2,600 किलोमीटर झालेत. सकाळी दिवा लगेच विझतो. मिस्त्रीने सांगून ठेवलंय, हा कापाल तेव्हा मला बोलवा, रिकामा डबा मला नट-बोल्ट ठेवायला हवाय.