युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स : शुल्काच्या मानाने हाती काय पडते?

अमेरिकेत नफ्यासाठी चालणाऱ्या विद्यापीठांमध्ये सर्वाधिक परिचित नाव युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सचे आहे. जॉन स्पर्लिंग यांनी नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठी १९७६ मध्ये ही संस्था काढली, १९८९ मध्येच तिने ऑनलाइन वर्ग सुरू केले आणि २०१० च्या सुमारास तिची विद्यार्थिसंख्या साडेचार लाखांपलीकडे गेली. विद्यापीठांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनची मान्यता तिला १९७८ पासून आहे. त्यामुळे पदवी बोगस असल्याची शंका मनातून काढून टाकावी; प्रश्न आहे तो फक्त किमतीचा.

पदवीचा विद्यार्थी येथे साधारणपणे एका वेळी एकच विषय, पाच आठवड्यांत, पुरा करतो. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा मुले झोपल्यावरच लॅपटॉप उघडू शकणाऱ्या आईला ही मांडणी खरोखर सोयीची आहे. मात्र संख्याशास्त्रासारखा विषय पाच आठवड्यांत पचत नाही, आणि त्यातला एक आठवडा आजारपणात गेला की उरलेले चार धावपळीतच सरतात. चर्चेच्या पानावर सहाध्यायांना ठरावीक उत्तरे लिहावी लागतात. ‘आपला मुद्दा आवडला’ छापाच्या अशा उत्तरांतून कोण किती शिकते, हे ज्याने त्याने ठरवावे.

पदवीचे शुल्क दर क्रेडिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक) सुमारे ३९८ डॉलर धरले, तर १२० क्रेडिटचा हिशेब जवळपास ४८ हजार डॉलरवर जातो. ज्या फिनिक्स शहराचे नाव या विद्यापीठाला आहे, त्याच परिसरात रिओ सलादो हे सार्वजनिक कॉलेज सुरुवातीच्या दोन वर्षांचे बरेच विषय ऑनलाइनच शिकवते आणि स्थानिक रहिवाशाला एक क्रेडिट शंभर डॉलरच्या आसपास पडते. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी ही ना-नफा संस्था तर सहा महिन्यांचे ठोक शुल्क घेते आणि तेवढ्या काळात झेपतील तितके विषय पुरे करू देते. म्हणजे केवळ सोयीसाठी एवढे जास्त पैसे मोजावेत, असे कारण उरत नाही.

मग हे जास्तीचे पैसे जातात कुठे? अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ मध्ये नफ्यासाठी कॉलेजे चालवणाऱ्या ३० कंपन्यांचे २००९ चे हिशेब प्रसिद्ध केले, त्यात उत्पन्नाचा २२.७ टक्के भाग जाहिरात व प्रवेशभरतीवर, १९.४ टक्के करपूर्व नफ्यात आणि फक्त १७.२ टक्के अध्यापनावर गेल्याचे दिसले. आकडे जुने आहेत आणि एकट्या फिनिक्सचे नाहीत, पण या धंद्याचा कल त्यांतून स्पष्ट होतो. ज्या विद्यापीठाला स्वतःचा फुटबॉल संघ नाही, त्याचे नाव फिनिक्सजवळच्या ग्लेनडेलमधील फुटबॉल स्टेडियमवर २००६ पासून बारा वर्षे झळकत होते! मोठ्या कंपन्यांशी हातमिळवणी असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात २०१९ मध्ये ग्राहकहित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी १९.१ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यातले ५ कोटी रोख होते आणि १४.१ कोटी विद्यार्थ्यांकडील थकबाकीची माफी होती. संस्थेने दोष मान्य केला नाही, हेही नोंदवायला हवे.

माझ्या मते दोनच परिस्थितींत येथे प्रवेश घेणे परवडते. एक, मालकच शुल्काचा मोठा वाटा उचलत असेल, कारण वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते; आणि दुसरी, पूर्वी मिळवलेली बरीच क्रेडिट येथे धरली जाऊन थोडेच विषय उरत असतील. कर्ज काढून पहिल्या वर्षापासून येथे शिकणे मला पटत नाही.

नोकरीसाठी आलेल्या एच-१बी धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर अमेरिकेत असलेल्या आपल्याकडच्या अनेकींना घरबसल्या पदवीचा हा मार्ग आकर्षक वाटतो. त्यांना सरकारी शिक्षणकर्ज मिळत नाही, म्हणून सगळा भार घरच्या बचतीवर येतो. भारतात परतण्याचा बेत असेल तर परदेशी ऑनलाइन पदवीला तेथे समकक्षता मिळेलच, असे गृहीत धरू नये. शिवाय शिक्षण मध्येच सुटले तर झालेली क्रेडिट पुढे चालतील की नाही, हे दुसरे विद्यापीठ ठरवते. त्यामुळे प्रवेश सल्लागाराच्या फोनवरील आश्वासनावर न थांबता पुढच्या संभाव्य विद्यापीठाकडूनच ते आधी लेखी विचारून घ्यावे.