१६ टीबीच्या डबीत निघालं ६४ जीबीचं कार्ड

लॅपटॉप भरला होता. ५१२ जीबीच्या एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, जेमतेम ९ जीबी उरले होते, आणि रोज सकाळी 'जागा कमी आहे' ही लाल पट्टी बघून मी वैतागलो होतो. बॅकअप घ्यायचा, लॅपटॉप मोकळा करायचा, आणि फार खर्च करायचा नाही, एवढ्यासाठी ऑनलाइन शोधायला बसलो. नावाजलेल्या कंपन्यांच्या १ आणि २ टीबीच्या हार्ड डिस्क दिसत होत्या. त्यांच्या मधोमध एक सुबक निळी डबी होती. पोर्टेबल एसएसडी, १६ टीबी, टाइप-सी, वेग 'अल्ट्रा'. किंमत १ टीबीवाल्या डिस्कच्या निम्म्याहून कमी.

शंका आली नाही असं नाही. पण साडेचार तारे होते, शेकडो अभिप्राय होते, आणि 'नवी कंपनी आहे, बाजारात शिरण्यासाठी स्वस्तात देत असतील' ही पळवाट मीच शोधून ठेवली होती. ते अभिप्राय नीट वाचले असते तरी पुरलं असतं. निम्मे 'डिलिव्हरी वेळेत, दिसायला छान' असे होते. काहींमध्ये तर चक्क मोबाइलच्या कव्हरचं कौतुक होतं. विक्रेते जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवतात, तारे तेच राहतात. हे मला नंतर कळलं.

डबी आली. हातात चांगली जड लागली. जोडल्यावर विंडोजने १५.९ टीबी दाखवले, आणि मी खूश झालो की पुरेपूर माप मिळालं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. कंपन्या टीबी मोजतात हजाराच्या पटीत आणि विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. त्यामुळे खरी १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि खरी १६ टीबीची साधारण १४.५ टीबी. माझ्या डबीतला आकडा कुणीतरी हाताने लिहिला होता.

रात्री ४१० जीबी कॉपीला लावले. वेग सेकंदाला २० एमबीच्या आसपास रेंगाळत होता. 'अल्ट्रा' म्हणजे हेच का, असं मनात येऊन गेलं, मग झोपलो. सकाळी काम पूर्ण झालेलं, एकही एरर नाही. मी स्वतःला सावध माणूस समजतो, म्हणून तपासलं सुद्धा. पहिल्या फोल्डरमधला एक फोटो उघडला, उघडला. शेवटच्या फोल्डरमधला एक उघडला, तोही उघडला. मग लॅपटॉपवरचं सगळं उडवलं आणि रीसायकल बिनही रिकामी केली.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "अरे, माझ्या लग्नाचे मोठे फोटो पाठव ना, छापून घ्यायचेत." मी डबी जोडली. सुरुवातीचे फोल्डर व्यवस्थित. मग एक फोटो असा आला की वरच्या भागात मांडवाची झालर आणि खाली नुसता करडा पट्टा. त्यानंतरच्या फाइलींची नावं बरोबर, आकार बरोबर, तारखाही बरोबर, पण एकही उघडेना. एक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बघितली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शून्य, शून्य, शून्य. आणि त्यापुढचे फोल्डर तर साफ रिकामे. ताईचं लग्न त्याच रिकाम्यांत होतं.

मग मी सकाळी तपासलं तेव्हा शेवटचा फोटो दिसला कसा? हे समजायला मला दोन दिवस लागले. नुकतीच कॉपी झालेली फाइल लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, शिल्लक असू शकते. ती उघडली की विंडोज तिथूनच दाखवतं, डिस्ककडे जातच नाही. पहिला फोटो खरोखर डबीत होता, शेवटचा लॅपटॉपच्या रॅममधून आला, आणि मधल्या साडेतीनशे जीबीचा मागमूस नव्हता. डबी काढून, लॅपटॉप बंद-चालू करून, पुन्हा जोडून मधलीच एखादी फाइल उघडली असती तर त्याच सकाळी बिंग फुटलं असतं.

डबी उघडली. कडेला पातळ पट्टी सरकवली तर झाकण टचकन निघालं, स्क्रू वगैरे काही नाही. आत नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड, कार्ड रीडरच्या छोट्या बोर्डात खोचून गरम गोंदाने पक्कं केलेलं. उरलेली जागा रिकामी, आणि तळाला चिकटवलेल्या दोन लोखंडी चकत्या. वजन त्यांचं होतं. कार्ड ६४ जीबीचं. बोर्डावरच्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, शिकवून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर १६ टीबी सांगायचं. खरी जागा संपल्यावर येणारा डेटा तो घेतो, 'लिहिला' म्हणून कळवतो आणि टाकून देतो. काही डबड्यांमध्ये तो पुन्हा सुरुवातीपासून जुन्यावरच लिहीत सुटतो, म्हणजे आधीचा चांगला डेटाही जातो. फोल्डरमधल्या फाइलींची यादी खऱ्या जागेत लिहिली गेली असेल तर नावं शाबूत दिसतात, नाहीतर फोल्डरच रिकामा दिसतो.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर: फॉरमॅट करून बघा. दुसरं: तुमचा कॉम्प्युटर जुना असेल. तिसरं मात्र गोड होतं: वस्तू ठेवून घ्या, २० टक्के परत देतो, फक्त तुमचा वाईट अभिप्राय काढून टाका. परत करायची ७ दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, त्यामुळे साइटनेही हात वर केले. ह्या मुदतीचा हिशोब गमतीदार आहे, फसलेल्या माणसाला नसली तरी. सेकंदाला २५ एमबीच्या वेगाने १६ टीबी पूर्ण भरायला सव्वासात दिवसांहून जास्त लागतात. म्हणजे डबी आल्या क्षणापासून अखंड तपासत बसलात तरी निकाल हाती येईपर्यंत मुदत संपलेली.

पण सगळी भरावी लागतच नाही. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो ड्राइव्हवर फाइली लिहितो आणि पुन्हा वाचून ताडून बघतो. त्यात शंभरेक जीबीचीच मर्यादा घातली तरी असलं सोंग दोन-तीन तासांत उघडं पडतं. माझ्याकडे त्याने ५९ जीबीच्या पुढचं सगळं 'डेटा लॉस्ट' दाखवलं. लिनक्स आणि मॅकसाठी 'एफथ्री' आहे. 'व्हॅलिड्राइव्ह' तर विंडोजवर ड्राइव्हभर पसरलेल्या ५७६ जागी थोडं-थोडं लिहून-वाचून बघतो आणि काही मिनिटांत कुठली जागा खरी ह्याचा नकाशा दाखवतो. हे सगळं डिस्क कोरी असताना, पहिल्याच दिवशी करायचं.

खरेदीआधी मला एवढं माहीत असतं तरी भागलं असतं: खिशात मावणाऱ्या, आत तबकडी फिरणाऱ्या डिस्क ५-६ टीबीवर थांबतात. १६ टीबीच्या डिस्क असतात, पण त्या ३.५ इंची, विटेसारख्या, आणि त्यांना वीज वेगळ्या अडॅप्टरने द्यावी लागते. एवढी एसएसडी हवी असेल तर किंमत चांगल्या लॅपटॉपच्याही पुढे जाते.

पैसे शेवटी मिळाले, साइटकडून नाही, बँकेकडून. कार्डाने भरले होते म्हणून चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची, तक्रार करता आली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चाचणीचा निकाल, उघडलेल्या डबीचे फोटो आणि तो २० टक्क्यांचा निरोप जोडला. मला वाटतं त्या निरोपानेच काम केलं. तेव्हा विक्रेत्याशी बोलायचं तर लेखी, आणि साइटच्या चॅटमध्येच.

फोटो मात्र आले नाहीत. एसएसडीवरून उडवलेली जागा ट्रिम नावाची सोय लगेच मोकळी करून टाकते. उडवलेल्या फाइली शोधणारा 'फोटोरेक' रात्रभर चालवून माझ्या हाती काही जुने आयकॉन आणि एका वेबसाइटचे बॅनर लागले. ताईला सांगताना मी आधी डबीवर राग काढला. ती शांतपणे म्हणाली, "पण तू मूळ फोटो का उडवलेस?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकच प्रत ठेवली होती आणि तिला मी बॅकअप म्हणत होतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपमधून शंभरेक फोटो गोळा झाले आहेत, पण दाबून बारीक झालेले. मोबाइलवर बरे दिसतात, मोठे छापले की चेहरे विरतात.

आता साध्या तबकडीवाल्या २ टीबीच्या दोन डिस्क घेतल्यात, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून. आल्या आल्या 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये किती तास चाललेल्या आहेत ते पाहिलं, कारण वापरलेल्या डिस्कही नव्या म्हणून खपवतात. मग दोन्हींवर पूर्ण चाचणी लावली: लिहायला पाच तास, वाचायला पाच तास. दुसरी डिस्क ताईकडे राहणार आहे. 'टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स' आल्यावर मी तिला स्क्रीनशॉट पाठवला.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"डिस्क खरी आहे म्हणून."

"बरं. ह्या वेळी लॅपटॉपवरचं काही उडवू नकोस."