ध्येय शोधायचं कसं: विचार करून की करून बघून?

नोकरी ठीक चाललीय पण आपण नक्की कशासाठी आहोत तेच कळत नाही, मग आधी शांत बसून स्वतःला ओळखू की चार गोष्टी करून बघू, असं एकाने विचारलं.

खर्च बघितला तर विचार करणं जवळपास फुकट, वही-पेन पुरतं, फक्त ते संपतच नाही, तेच तेच घोळत राहतं. करून बघायला वेळ जातो, पैसेही थोडे जातात आणि चारचौघांत फजितीची तयारी लागते.

पण खरं किती कळतं? इथे फरक मोठा आहे. शिकवायला आवडेल असं वाटणं वेगळं आणि तोच धडा पाचव्यांदा, जांभया देणाऱ्या पोरांसमोर शिकवताना मजा येणं वेगळं, ते वहीत कळत नाही. पर्सनॅलिटी टेस्टचं तर सोडाच, मायर्स-ब्रिग्ज ही टेस्ट परत दिली की बऱ्याच जणांचा स्वभावाचा टाइपच बदलतो.

आवड टिकण्याचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की आवड आधीच ठरलेली असते, फक्त सापडायचीय असं मानणाऱ्यांचा उत्साह गोष्ट अवघड झाली की जास्त ओसरतो.

दहा गोष्टी करून दमला असाल तर वही घ्या. वर्षभर नुसता विचारच चालू असेल तर या सुट्टीला दोन तास काहीतरी करा, राजीनामा मात्र एवढ्यात नको.