ऊन की जमिनीची ऊब? डाईंगच्या गरम पाण्यासाठी काय घ्यावं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या एका ओळखीच्या मालकांकडे दोन कोटेशनं आली आहेत. एक सोलर वॉटर हीटरचं, दुसरं जमिनीत पाइप पुरून चालणाऱ्या 'भूऔष्णिक' हीट पंपाचं, म्हणजे विजेच्या जोरावर बाहेरची उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राचं. त्यांनी विचारलं, जमिनीतली उष्णता संपतच नाही म्हणतात, खरं का?

सरकारदरबारी ती नवीकरणीयच. पण सोलापूरकराने तिला बोअरसारखं समजावं. उपसा भरण्याच्या पुढे गेला की मोटार हवा ओढते. कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' या भल्यामोठ्या भूऔष्णिक क्षेत्रात हेच झालं. 1980च्या दशकाअखेरीस वाफेचा दाब उतरत गेला. खडक तापलेलाच होता, आटलं होतं ते पाणी. शेवटी शहरांचं सांडपाणी शुद्ध करून पाइपने आणलं आणि जमिनीत सोडलं.

उष्णतेचं भरणंही धिमंच. पृथ्वीच्या पोटातून एका चौरस मीटरला जेमतेम वॅटचा पंधरावा भाग वर येतो. आपल्या छतावर भर दुपारी तेवढ्याच जागेत हजारेक वॅट ऊन पडतं. खोल गेल्यावर किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंश वाढतात. पाचशे फुटांच्या बोअरने चार-पाच अंश मिळतील. रंगाला 60 ते 80 लागतात. वज्रेश्वरी, राजापूरचे गरम पाण्याचे झरे कोकणात, त्यांच्या भरवशावर इथे कोटेशन काढू नये.

हीट पंप मात्र फसवा नाही. एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. पाइप पुरणं परवडतं ते बर्फाळ देशांत, जिथे हवेपेक्षा माती उबदार असते. आपली माती बारा महिने 27-28 अंशांच्या आसपास, मेमधली हवा चाळिशीपार. मग हवेतून उष्णता ओढणारा साधा हीट पंप असताना खणाखणी कशाला?

सोलरचंही एक दुखणं आहे, क्षार. मागे एका छतावरची नळी सोडवून पाहिली, तर आत करंगळी जाईल एवढीच वाट, बाकी पांढरा थर. म्हणून आधी क्षार काढणारा सॉफ्टनर, मग सोलर. बॉयलर विकू नका. सोलरने तापलेलं पाणी त्यात सोडा, आषाढातले ढगाळ दिवस आणि रात्रपाळी तो सांभाळेल.


जमिनीतल्या पाइपवाल्याला एवढंच विचारा: पाणी किती अंशांवर देणार, आणि तासाला वीज किती खाणार?