मोठा कार्यक्रम: स्वारगेट की बालेवाडी?

हजारापेक्षा जास्त रसिक येणार असतील तर बालगंधर्व रंगमंदिर पुरत नाही. मग डोळ्यांसमोर दोन जागा येतात: स्वारगेटचा गणेश कला क्रीडा मंच आणि बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातला बॅडमिंटन हॉल.

गाण्याचा कार्यक्रम असेल तर माझं मत सरळ स्वारगेटला. पुणे फेस्टिव्हलमुळे ही जागा पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे, आणि 2024च्या सप्टेंबरपासून मेट्रोही थेट स्वारगेटला येते. पार्किंगचं मात्र नाव काढू नका. नेहरू स्टेडियमच्या आसपास गाडी लावायला जागा शोधेपर्यंत पहिली बंदिश उरकते.

बालेवाडीचं संकुल 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि ते खेळासाठीच आहे हे कानांना लगेच कळतं. उंच छत, लाकडी कोर्ट, सपाट भिंती. आवाज तिकडून आपटून परत येतो, द्रुत लयीत तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. साउंडवाला पक्का असेल तर छोटे स्पीकर जागोजागी लावून, आवाज थोडा खाली ठेवून बरंच सावरतो, पण खर्च वाढतो. तेच कबड्डी असू द्या: पुणेरी पलटणच्या सामन्यांना हाच घुमणारा आवाज रंगत आणतो! गाड्यांनाही जागा ऐसपैस.

पेठेतल्या आजी-आजोबांना रात्री अकराला बालेवाडीहून घरी कोण सोडणार, हे आयोजकांनी तिकीट छापण्याआधी ठरवावं.